दिवस बुडायच्या आत

माझा आवाज मोठा आहे हे मला कुणी सांगायला नको. भांड्यांच्या दुकानात तेहतीस वर्षं काढली की बाईचा आवाज मोठाच होतो. एक गिऱ्हाईक परात वाजवून बघतंय, दुसरं पातेल्यावर पातेलं आदळतंय, बाहेर रिक्षा कोकलतेय, त्यात "ताई, जरा कमी करा की" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं तर काय कुजबुजून देणार? मी ओरडते. घरीही ओरडते. आणि गेल्या पावसाळ्यापासून तर मी ओरडण्याशिवाय दुसरं काही करतच नव्हते.

कारण गेल्या पावसाळ्यात माझा नवरा मला विसरला.

वाढदिवस विसरला, निरोप विसरला, तसलं विसरणं नव्हे. जयपालना ताप आला, ताप डोक्यात गेला, मेंदूला सूज आली. बावीस दिवस दवाखान्यात काढले. तेविसाव्या दिवशी डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "या, बसा की. काय दाखवू?"

त्यांना मी गिऱ्हाईक वाटले.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण डॉक्टर म्हणाले, नावानं हाका मारा, म्हणून त्या बावीस दिवसांत जयपाल, जयपाल म्हणून एवढं ओरडले की आता तेच तोंडात बसलंय. उपयोग शून्य. त्यांना स्वतःचं नाव ठाऊक आहे, वडील ठाऊक आहेत, वडिलांचं महाद्वार रोडमागच्या गल्लीतलं दुकान ठाऊक आहे. वयाच्या पंचविशीपर्यंतचं सगळं जिथल्या तिथं. त्यापुढचं कोरं. लग्न नाही, मी नाही, केतन नाही. नवीन काही सांगावं तर पाच मिनिटं टिकतं. मग पुन्हा "या, बसा की, काय दाखवू?" दूधवाल्यालाही तेच, डॉक्टरलाही तेच आणि मलाही तेच. तीस वर्षांचा पोरगा पुण्याहून येऊन पाया पडला, तर त्याला म्हणाले, "पावणं, कुठनं आला?" केतन बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. मी रडले नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच राहिली.

दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. म्हणून बयाबाई आली. हातकणंगल्याची, पन्नाशीची, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. सकाळी आठला यायची, त्यांना अंघोळ घालायची, जेवू घालायची, गच्चीवर फिरवायची. साडेसातला मी दुकानातून राजारामपुरीत घरी पोचले की ती माणसं भरून सुटणारी वडाप जीप धरून परत जायची. मग, नोव्हेंबरापासून, आठची गोळी, त्याआधी दहीभाताचे चार घास, आणि झोप. असा आमचा दिवस होता.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी उरली होती. हात. मला ओळखत नसले तरी सकाळी त्यांना उठवायला मी हात पुढं केला की ते तो धरायचे. घट्ट, तळवा तळव्याला लावून. परक्या बाईचा हात धरतोय म्हणून संकोच नाही, काही नाही. गिऱ्हाइकानं हात पुढं केला तर धरायचा, एवढंच असेल. असू दे. मी त्या एका हातावर दिवस काढत होते.

दर गुरुवारी त्यांना ऐश्वर्या मॅडमकडं न्यायचं. मेंदूच्या आजारानंतर माणसाच्या आठवणींचं काय झालं ते बघणाऱ्या त्या बाई. वय आमच्या केतनएवढं, आवाज एवढा हळू की मला दर वेळी "काय?" म्हणावं लागायचं. त्यांच्याकडं एक लाकडी पेटी होती. पेटीला पितळी गुंडी. ती दाबायची, डावीकडं अर्धी फिरवायची, मग झाकण थोडं मागं सरकवून उचलायचं, तरच पेटी उघडणार. पहिल्या गुरुवारी जयपालना वीस मिनिटं लागली, तीही मॅडमनी दाखवून दिल्यावर. चौथ्या गुरुवारी मॅडमनी पेटी पुढं ठेवली.

"काका, ही पेटी आधी बघितलीय?"

"न्हाय की," जयपाल म्हणाले. "झकास हाय. कुठनं आणली?"

आणि बोलता बोलता दाबून, फिरवून, सरकवून उघडून मोकळे. मॅडमनी विचारलं, कसं जमलं? तर म्हणे, "काय म्हाईत. सोपीच हाय की."

मी म्हटलं, "म्हणजे हे नाटक करतायत व्हय माझ्यापुढं?"

"नाही, काकू." मॅडम हळू बोलल्या, मी कान पुढं केला. "आठवण दोन तऱ्हेची असते. एक आपल्याला आठवतेय हे आपल्याला कळतं. ती सांगता येते. काल काय जेवलो, लग्न कधी झालं. दुसरी आपल्याजवळ आहे हे ज्याची त्यालाही कळत नाही. ती विचारून सापडत नाही, वागण्यातून दिसते. सवय, हातचं कसब, भीतीसुद्धा. काकांची पहिली गेलीय. दुसरी शाबूत आहे आणि ती अजून नवं शिकतेय. पेटी त्यांना आठवत नाही. पण हाताला ती येते."

"वा!" मी म्हटलं. "म्हणजे त्या लाकडाच्या खोक्याला चार गुरुवारांत जागा मिळाली आणि मला तेहतीस वर्षांत नाही!"

"तुम्हीही असाल की तिथं."

"कुठं?"

"कुठंतरी. वागण्यातून दिसेल."

मला ते पोरीनं पोटासाठी केलेलं गोड बोलणं वाटलं. पेटीकडं बघून अंगाचा असा तिळपापड झाला की ती उचलून खिडकीबाहेर टाकावी.

आता व्रताचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

केतन दोन वर्षांचा होता तेव्हा चातुर्मासात मुनिमहाराज आले होते. त्यांच्यासमोर जयपालनी रात्रीच्या जेवणाचा त्याग घेतला. दिवस बुडाला की अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. पाणी आणि औषध तेवढं चालेल. आमच्या जैन घरांत हे काही नवल नाही, पण पुष्कळ जण दिवाळी, लग्नकार्य, आजारपण बघून सैल सोडतात. ह्यांनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही सोडलं नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात पंगत उशिरा बसली, तर हे सूट घालून उपाशी झोपले. आणि मी ते व्रत घेतलेलं नसताना मला रोज त्याचा जाच. साडेपाच वाजले की गिऱ्हाईक दारात उभं असू दे, शटर अर्धं खाली. डबा उघडून मांडायचे. पण मी समोर येऊन बसेपर्यंत घास उचलायचे नाहीत. "ये की लवकर, दिवस चाललाय." गिऱ्हाईक जातंय म्हणून मी चिडायचे आणि मुद्दाम रेंगाळायचे. कधी पावतीपुस्तक शोध, कधी मांडलेल्या कळश्या पुन्हा मांड. दोनदा तर मी एवढा वेळ लावला की दिवस बुडाला आणि त्यांनी न जेवता डबा झाकला. एक शब्द बोलले नाहीत. ते बोलत नसत याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

नोव्हेंबरात त्यांना फिटचा झटका आला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. सकाळी आठ, रात्री आठ, काहीतरी खाऊन. उपाशीपोटी अजिबात नाही.

रात्री आठला काहीतरी खाऊन. मला एकदम व्रत आठवलं. म्हटलं, ज्याचं व्रत त्यालाच विचारावं. विचारलं. तर जयपाल हसून म्हणाले, "व्रत? ते आमच्या आईवडलांचं हाय. मी न्हाय अजून घेतल्यालं. घिऊ म्हातारपणी." बरोबरच होतं. पंचविशीतल्या माणसाला तिशीतलं व्रत कुठनं आठवणार? मनात म्हटलं, संपलं. ज्यानं घेतलं तो माणूसच राहिला नाही, तर मोडणार कुणाचं? खोटं कशाला बोलू, मला जरा बरंही वाटलं. अठ्ठावीस वर्षांनी एकदाचं शटर पूर्ण उघडं राहिलं.

पहिल्या रात्री त्यांच्यापुढं चमचा धरला, तर तोंड मिटलं.

"नको."

"का नको?"

"काय म्हाईत. नको वाटतंय."

"व्रत न्हाय म्हणालात न्हवं मघाशी?"

"न्हायच की," ते म्हणाले आणि तोंड पुन्हा मिटलं.

गोळी चुकली तर पुन्हा झटका. मी दिवसभर उभी राहून आलेली. दहा मिनिटं समजावलं, मग ओरडले, मग डाव्या हातानं हनुवटी धरली, अंगठा ओठाखाली दाबला, आणि चमचा आत सारला. थुंकायला लागले तर नाक धरलं. चार घास, गोळी, पाणी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाच मिनिटांनी डोळे पुसून माझ्याकडं बघून म्हणाले, "या, बसा की. काय दाखवू?"

झालं! पाच मिनिटांत गोष्ट घडलीच नव्हती. कुणाचं काय गेलं? दुसऱ्या रात्री तसंच. तिसऱ्या रात्री तसंच. रोज त्यांच्यासाठी पहिल्यांदाच, आणि रोज पाच मिनिटांत पुसलेलं. मी मनात म्हणायचे, विसरण्याचा एक तरी फायदा होऊ दे.

तीन आठवडे गेले आणि एका सकाळी मी हात पुढं केला तर त्यांनी धरला नाही. स्वतःचा हात मागं घेतला आणि काखेत दाबून धरला. तोंडानं मात्र "या, बसा की" चालूच. मला वाटलं, थंडी असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी विचारलं, "हात का लपवताय?" त्यांनी काखेकडं असं बघितलं, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा. "कोण लपवतंय?" म्हणाले.

माझं तेवढंच एक उरलेलं होतं, आणि ते कुणीतरी काढून नेलं होतं.

त्या गुरुवारी मॅडमकडं आणखी एक झालं. आदल्या खेपेला तिथल्या बाईनं त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला होता. पेला एवढा तापलेला की त्यांची बोटं भाजली, चहा विजारीवर सांडला. आज तसल्याच पेल्यात पाणी आलं. जयपालनी हात आखडला. पेल्यांमध्ये जन्म गेलेला माणूस पेल्याला हात लावेना!

मॅडमनी विचारलं, "मागच्या वेळी इथं काही झालं होतं का, काका?"

"मी आज पहिल्यांदाच आलोय की," ते म्हणाले. "तहान न्हाय मला."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "बघा. भाजल्याचं आठवत नाही, पण हात पेल्याजवळ जात नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात भाजला म्हणून पेल्याला भितो. मग हात माणसाला का भितो? कुणीतरी मारत असणार! कुणी? दिवसभर घरात दुसरं असतं कोण?

घरी येऊन त्यांचा चेहरा उजेडाकडं वळवला. ओठाखाली नखाचा ओरखडा होता, दोन-तीन दिवसांचा, खपली धरलेला. पुरावाच मिळाला.

हे ऐकताना तुम्हाला जे दिसतंय ते मला कसं दिसलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही रोज विचारते. राग आला की माणसाला सगळे दिसतात, फक्त स्वतः सोडून. आणि मी करत होते ते औषध होतं. औषधाला कोण मार म्हणतं?

केतनला फोन केला, रविवारी ये. बयाबाईला सांगितलं, रविवारी सुट्टी नाही, ये.

रविवारी सकाळी दहाला मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत उभं केलं. जयपाल खिडकीजवळच्या खुर्चीत. केतन सोफ्याच्या कडेला. बयाबाई पदर खोचून दारात. मी मध्ये.

"बयाबाई," मी म्हटलं, "ह्यांना मारतीस तू?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "काय म्हनालासा?"

"ओठाखाली नख कुणाचं लागलंय? हात लपवतात ते कुणाला भिऊन? ह्यांना सांगता येत नाही म्हणून तुला वाटलं, कुणाला कळणार नाही. पण त्यांच्या हाताला कळतं! मॅडमनी सांगितलंय मला. डोकं विसरलं तरी हात विसरत नाही. चल, पुढं हो. हात कर त्यांच्यापुढं. आत्ता सगळ्यांसमोर निकाल लागू दे."

"आई, काय चाललंय हे?" केतन उठला.

"तू बस!"

बयाबाईचा चेहरा लालबुंद झाला. "वैनी, ह्या हातानं त्यांचं हागणंमुतणं काढलंय मी. तुमी आता ह्या हाताची परीक्षा घेता व्हय? घ्या. घ्याच."

ती तडक गेली आणि जयपालपुढं हात केला.

"या, बसा की," जयपाल म्हणाले आणि तिचा हात धरला. घट्ट, तळवा तळव्याला लावून. "काय दाखवू?"

मला पटेना. "पुन्हा कर. दुसऱ्या हातानं." तिनं दुसरा हात केला. तोही धरला. वर त्यावर थोपटलंही. मी केतनला पुढं ढकललं. त्याचाही धरला. "पावणं, कुठनं आला?" तेवढ्यात दूधवाला पिराजी आठवड्याचे पैसे न्यायला दारात आला. मी त्यालाही आत ओढलं. पिराजी बावरून गेला, पण त्यानं हात केला, आणि जयपालनी तोही धरला.

"बघितलं?" मी ओरडले. "म्हणजे बाहेरचं कुणीतरी..."

"आई," केतन म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच आला. "आता तू कर."

"माझं काय? मी त्यांची..."

"तू कर फक्त."

मी गेले. हात पुढं केला. जयपालनी दोन्ही हात उचलले. एक काखेत गेला. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. पाची बोटं गच्च. डोळे माझ्यावर होते, आणि डोळ्यांत तीच ती गिऱ्हाइकाला दाखवायची आपुलकी होती. त्या झाकलेल्या तोंडातून शब्द आले, "या, बसा की. काय दाखवू?"

पिराजी पैसे न घेताच निघून गेला.

बयाबाईनंच तोंड उघडलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "वैनी, रात्रीचं त्यास्नी काय खायला घालता?"

"गोळीपुरतं. चार घास. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तरीच म्हनलं, सकाळी कॉलरमधी भाताची शितं कशी." ती खाली बसली. "अवो, दिवस बुडाला की हे आपसूक उठत्यात. हात धुत्यात. ताट पालथं घालत्यात. घड्याळ कळत न्हाय, वार कळत न्हाय, पर ह्ये रोज. मी इचारलं, मालक, असं का? तर म्हनले काय म्हाईत. मग मीच साडेपाचला पोटभर जेवू घालते. उपाशी कुठं असत्यात ते रात्री? तुमी कवा इचारलंच न्हाय. आल्या आल्या तुमी वरडायलाच लागता, मी वडापला पळते."

मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं, मग डाव्या. डाव्या अंगठ्याचं नख वाढलेलं होतं.

केतन माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं फोन काढून डॉक्टरांना लावला आणि स्पीकरवर टाकला. म्हणाला, आठची गोळी संध्याकाळी साडेपाचला दिली तर चालेल का? सूर्यास्ताआधी जेवतात वडील.

"चालेल की," डॉक्टर म्हणाले. "सकाळचीही मग साडेपाचला द्या, बिस्किटाबरोबर. उजाडलं नसेल तर जरा उशीर झाला तरी फरक नाही. आधी बोलला असतात तर तसंच लिहून दिलं असतं."

फोन ठेवला. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. अर्धं मिनिट! मी तीन आठवड्यांहून जास्त, रोज रात्री, माझ्या नवऱ्याचं नाक दाबून त्याच्या तोंडात भात कोंबत होते, आणि उत्तर अर्ध्या मिनिटाच्या फोनमध्ये होतं. आमच्या नात्यागोत्यात कुठल्याही घरी म्हातारी माणसं गोळ्यांच्या वेळा दिवसाउजेडी बसवून घेतात. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी विचारलं ते कुणाला, तर ज्याला आठवत नव्हतं त्याला. त्याच्या तोंडाचं "नाही" मला सोयीचं होतं, म्हणून खरं मानलं. त्याच्या मिटलेल्या ओठांचं "नाही" गैरसोयीचं होतं, म्हणून अंगठ्यानं उघडलं.

बयाबाई तेव्हाच निघून गेली. मला वाटलं, आता येत नाही. सोमवारी आठला बेल वाजली. "त्यांच्यासाठी आले," ती चपला काढत म्हणाली. "तुमच्यासाठी न्हाय. आणि माफीबिफी मागू नगासा, मला कामं हायत. दुकान चार वाजता बंद करा, तेवढं पुरे."

गुरुवारी मॅडमना सगळं सांगितलं. खालच्या आवाजात सांगितलं, त्यांनाच "काय?" म्हणावं लागलं. मी विचारलं, हे पुसलं जाईल का? त्या म्हणाल्या, "जसं शिकले तसंच हळूहळू दुसरं शिकतील. पण आधीचं पूर्ण पुसलं जाईल असं मी सांगू शकत नाही."

मला जयपालांची माफी मागायची आहे. पण कुणाजवळ मागू? ज्याला माझे शब्द कळतात तो पाच मिनिटांत ते विसरतो. ज्याच्या लक्षात आहे त्याला शब्द कळत नाहीत. मी दहा वेळा मागितली. दहाही वेळा ते म्हणाले, "असू दे की, एवढं काय त्यात." आणि हात काखेतच.

मग मी बोलणं सोडलं. रोज पाचला घरी यायचं, ते जेवायला बसले की त्यांच्यापासून जरा लांब जमिनीवर बसायचं, हात आपल्या मांडीवर उताणा ठेवायचा आणि पुढं करायचा नाही. दोन महिने झाले. हात अजून आलेला नाही.

परवा दुकानात एका लग्नघरची माणसं आली, आहेराची भांडी निवडता निवडेनात. सुटून निघाले तर दसरा चौकात गाड्या तुंबलेल्या. रिक्षातून उतरून अर्धी वाट धावत आले. जिना चढले तेव्हा समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर तेवढं ऊन उरलं होतं.

जयपाल पाटावर बसलेले. पुढं वाढलेलं ताट, घास न मोडलेला. बयाबाई कपाळाला हात लावून उभी.

"अर्धा तास झाला," ती म्हणाली. "खाईनात. आदी तुमी नसताना खायाचे, पर दोन म्हैने तुमी रोज समोर बसता, आज पैल्यांदाच उशीर झाला न्हवं? नुसतं दाराकडं बघत बसल्यात."

जयपालनी मला बघितलं. "या, बसा की. काय दाखवू?"

"काही नको," मी म्हटलं. धाप लागली होती. "जेवला का नाही?"

"थांबलोय."

"कुणासाठी?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. "काय म्हाईत," म्हणाले. "कुणीतरी यायचंय."

मी त्यांच्यासमोर ताटापलीकडं बसले. बसले आणि त्याच क्षणी त्यांनी भाकरी मोडली. उजव्या हातानं घास उचलून तोंडात घातला आणि खाली मान घालून जेवायला लागले. जसे शटर अर्धं ओढून जेवायचे तसे. डावा हात काखेत घट्ट दाबलेला.

मला जोरात ओरडायचं होतं. त्या दुकानातल्या बाईवर, जी कळश्या पुन्हा मांडत रेंगाळायची आणि ह्या माणसाला ताटावर बसवून ठेवायची. रात्री आठला अंगठा दाबणाऱ्या बाईवर. पण ओरडले असते तर त्यांचा उजवा हातही थांबला असता. मी ओठ मिटून बसले.

दोन घास खाऊन त्यांनी वर बघितलं. खिडकीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"तुमी बी जेवा की," म्हणाले. "दिवस चाललाय."

बयाबाईनं न सांगता माझं ताट वाढलं. टाकीवरचं ऊन अजून होतं. मी जेवले.